मापाच्या वहीत सिनेमा आणि कादंबरी

गिऱ्हाईक ब्लाउज घालून आरशासमोर उभं राहतं आणि म्हणतं, "ताई, बरोबर नाही झालाय." मी विचारते, "कुठे?" खांद्यावरून उतरतोय, मुंढ्यात काचतोय, की पाठीचा गळा उघडा पडतोय? बाई हात वर करून बघते, वळून बघते आणि बोट लावते, "इथे." त्या बोटाखाली मी टाचणी लावते आणि मग कामाला लागते. तोवर "बरोबर नाही" एवढ्यावर मला काहीच करता येत नाही.

सिनेमा पाहिल्यावर आणि कादंबरी मिटल्यावर मी स्वतःला हेच विचारते. छान वाटली? कुठे? कंटाळा आला? कुठे? जागा दाखवता आली तर ते मत माझं. नाही आली तर मी बहुधा कुणाचं तरी ऐकलेलंच पुढे बोलतेय. गेली सात वर्षं मी थंडीत ठरवून वाचते, ठरवून सिनेमे पाहते आणि प्रत्येकाबद्दल चार ओळी लिहून ठेवते. ते कसं जमवते ते यंदाची उदाहरणं घेऊन सांगते. दुकान, घर, स्वयंपाक सांभाळून होण्यासारखं आहे.

आधी महिना शोधा

साताऱ्यात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको, अल्टरेशन. तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांचे मुहूर्त निघतात आणि मार्गशीर्षभर रात्री अकरापर्यंत मशीन चालू असतं. पौष लागला की मुहूर्त थांबतात, गिऱ्हाईक निम्म्यावर येतं. तो महिना माझा. तुमचा वेगळा असेल. कॅलेंडर काढून तो आधी शोधा आणि त्यात मावेल एवढंच हातात घ्या. पहिल्या वर्षी मी वाचनालयातून अकरा पुस्तकं आणली होती. आज त्यातलं एकही धड आठवत नाही. आता तीन कादंबऱ्या आणि चार सिनेमे, बस.

रोज रात्री साडेनऊ ते पावणेअकरा. मोबाईल दुकानात, मशीनच्या खणात ठेवून वर यायचं. हे एवढं एक केलं तरी पानं निम्म्याने जास्त वाचून होतात, हे मी मोजून सांगते.

पुस्तकं शक्यतो नगरवाचनालयातून आणा, आवडलं तर मग विकत घ्या. यंदा मात्र पुस्तकंच आमच्या गावात आली. 99वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 1 ते 4 जानेवारी 2026 ला साताऱ्यात भरलं, ऐन पौषात. याआधीचं साताऱ्यातलं संमेलन 1993 सालचं, विद्याधर गोखले अध्यक्ष होते. तेव्हा मी आठवीत होते आणि वडिलांचा हात धरून गर्दी बघून आले होते. या वेळी दोन दिवस दुपारचं दुकान बंद ठेवून पुस्तकांच्या गाळ्यांवर फिरले.

गाळ्यावर पुस्तक घेताना एक काम करा. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधलेलं असतं. बांधणीत चूक झाली की एक फर्मा दोनदा येतो आणि दुसरा गायब होतो. मागे एका प्रदर्शनात घेतलेल्या कादंबरीत नेमकी शेवटाकडची सोळा पानं नव्हती. पावती हरवलेली, विक्रेता दुसऱ्या गावचा. तेव्हापासून मी पैसे द्यायच्या आधी पानांचे आकडे भराभर चाळून बघते. एक मिनिट लागतं.

सिनेमाचं वेगळं. मराठी सिनेमा लागला की पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारात जायचं. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हटलं की तो थेटरातून गेलेला असतो, नाहीतर सकाळी साडेनऊच्या खेळाला ढकललेला असतो. आणि निघण्याआधी फोन करून शो नक्की आहे ना विचारायचं. एकदा आम्ही चौघी रिक्षाने गेलो, तर "तिकिटं कमी विकली गेली, शो रद्द" असं सांगून परत पाठवलं. पैसे मिळाले, पण दुपार गेली, आणि तो सिनेमा आम्हाला पडद्यावर बघायला मिळालाच नाही, याची रुखरुख अजून आहे.

वही

माझे वडील पॅन्ट-शर्टचे टेलर. ते गेल्यावर दुकानातून दोन मापाच्या वह्या निघाल्या, एक भरलेली, एक जवळजवळ कोरी. लांबट वही, पुठ्ठ्याचं कव्हर, आत त्यांनी स्वतः पट्टीने आखलेले रकाने: नाव, तारीख, माप, ट्रायल, शेरा. कोऱ्या वहीत मी सिनेमे आणि कादंबऱ्या लिहिते. रकाने बदलावे लागले नाहीत.

'नाव' आणि 'तारीख' सोपं. कुठे पाहिलं, कुणाबरोबर, कुठल्या अवस्थेत, हेही मी तारखेखाली बारीक अक्षरात लिहिते. तापात पाहिलेला सिनेमा आणि रविवारी दुपारी जेवून निवांत पाहिलेला सिनेमा यांची मापं सारखी येत नाहीत. 'माप' म्हणजे जागा: कुठे थांबले, कुठे मन उडालं. 'ट्रायल' म्हणजे काही आठवड्यांनी परत घालून बघणं. 'शेरा' सगळ्यात शेवटी, आणि तोही एकाच ओळीत.

थेटरात अंधारात काही लिहू नका. लिहायला मान खाली घातली की तेवढं दृश्य गेलंच. पुस्तकात मात्र खुणा करा, पण पेनाने नकोत, वाचनालयाचं पुस्तक असतं. माझ्याकडे कातरणांची कमी नाही. बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून ठेवते. पांढरी पट्टी जिथे आवडलं तिथे, लाल जिथे अडखळले तिथे. पुस्तक संपलं की कडेने बघायचं. सगळ्या पांढऱ्या एकाच भागात दाटल्या असतील तर मत निम्मं तयार झालं.

आणि एक नियम मी फार कडकपणे पाळते: आपल्या ओळी लिहून होईपर्यंत त्याबद्दल दुसऱ्याचं काही वाचायचं नाही, ऐकायचं नाही. बरोबर आलेल्यांशीही त्या रात्री बोलायचं नाही. आम्ही मैत्रिणी सिनेमा सुटल्यावर चहा पितो, भाजीच्या भावावर बोलतो, सिनेमावर नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोलतो. झोपून उठल्यावर जी दृश्यं शिल्लक राहतात ती खरी आपली.

नोव्हेंबरात 'गोंधळ' पाहिला तेव्हा हे उपयोगी पडलं. संतोष डावखर यांचा हा सिनेमा 14 नोव्हेंबर 2025 ला लागला आणि त्याच महिन्याच्या शेवटी गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना दिग्दर्शनाचा रौप्यमयूर पुरस्कार मिळाला. मी पहिल्या आठवड्यातच पाहून लिहिलं होतं: "नव्या सुनेच्या घरात गोंधळ घातलाय, संबळ वाजतेय, आणि त्याच अंगणात कट शिजतोय. देवीचं आवाहन आणि माणसाचा डाव एकाच तालावर, हे फार आवडलं. पण सुनेच्या मनातलं मला हवं तेवढं कळलं नाही." पुरस्काराची बातमी आल्यावर ती शेवटची ओळ खोडावी असं क्षणभर वाटलं. खोडली नाही. पुरस्कार देणाऱ्यांनी त्यांच्या डोळ्यांनी पाहिलं, मी माझ्या. माझ्या घरीही गोंधळ घातला जातो. दिवटीच्या उजेडात रात्री दोनला बायकांचे चेहरे कसे दिसतात ते मला माहीत आहे आणि त्या सुनेच्या चेहऱ्यावर मला अजून थोडा वेळ थांबायचं होतं.

गोष्ट सांगू नका, जागा दाखवा

मत लिहायला बसलं की हात आपोआप गोष्ट सांगायला लागतो. "एक मुलगी असते, तिला बघायला पाहुणे येतात…" अर्धं पान भरतं आणि मत कुठेच नसतं. म्हणून मी गोष्टीला एकच ओळ देते.

'स्थळ'चं उदाहरण घ्या. जयंत सोमलकर यांचा सिनेमा, 2023 साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, आपल्याकडे 7 मार्च 2025 ला आला. मी यंदा थंडीत घरी पाहिला. पहिल्या रात्री मी लिहिलं होतं: "मुलींवर होणाऱ्या अन्यायाचं प्रभावी चित्रण." वाचून मलाच बरं वाटलं नाही. हे वाक्य मी न पाहताही लिहू शकले असते.

दुसऱ्या दिवशी स्वतःला विचारलं, कुठे? मग आलं ते असं: "विदर्भातलं डोंगरगाव, कापूस पिकवणारं घर, सविताला बघायला लोक येतात. सिनेमा सुरू होतो तो उलट्या चित्राने. बायका बसल्यात आणि मुलगा पाटावर, प्रश्न त्याला. सगळे हसतात, मीही हसले. मग तेच प्रश्न सविताला, पुन्हा पुन्हा, दर पाहुण्यांगणिक. नाव, शिक्षण, उंची, आवड. तिसऱ्या वेळी मला प्रश्न आधीच पाठ होते आणि हसू कधी गेलं ते कळलं नाही." हे माझं. कारण मला स्वतःला सात ठिकाणी दाखवलं होतं आणि "शिवण येतं का?" हा प्रश्न सातही ठिकाणी विचारला गेला होता, माझ्या वडिलांच्या दुकानात बसून.

जिथे कंटाळा आला तेही लिहायचं. एकच प्रसंग परत परत दाखवला की मधे मन भरकटतं, माझंही भरकटलं. मग मी विचार केला, हा कंटाळा दिग्दर्शकाकडून निसटलाय की त्याने मुद्दाम शिवून ठेवलाय? 'स्थळ'मध्ये तो ठेवलेलाच आहे असं मला वाटतं, कारण सविताच्या वाट्याला तोच येतो आणि तिला उठून जाता येत नाही. हा प्रश्न प्रत्येक कंटाळ्याला विचारा. दर वेळी उत्तर सिनेमाच्या बाजूने येत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या वहीत एका सिनेमापुढे मी लिहिलंय: "मध्यंतरानंतरची तीन गाणी नसती तरी काही बिघडलं नसतं."

वस्तूकडे लक्ष ठेवलं तर जागा लवकर सापडते. पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' मी असाच लक्षात ठेवला. 2024 साली कान महोत्सवात त्याला ग्रां प्री हे पारितोषिक मिळालं, आणि तीस वर्षांनी भारतातला सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत गेला होता, म्हणून नाव खूप ऐकलं होतं. बघायला बसताना मनात धाकधूक होती की आपल्याला झेपेल का. सिनेमा बराचसा मल्याळममध्ये आहे, खालच्या ओळी वाचत बघावा लागतो. त्यात प्रभा नावाची नर्स आहे. नवरा जर्मनीत, वर्षावर फोन नाही. एक दिवस घरी खोकं येतं, त्यात भात शिजवायचा इलेक्ट्रिक कुकर, जर्मनीत बनलेला. चिठ्ठी नाही, नाव नाही. रात्री ती जमिनीवर बसून तो कुकर मिठीत घेते.

त्या जागी मी सिनेमा थांबवला आणि पाणी प्यायले. माझी एक जुनी गिऱ्हाईक आहे, नवरा आखातात. तो दर दोन वर्षांनी साड्या पाठवायचा, मापाला न बसणाऱ्या रंगांच्या, म्हणजे तिला कधी न शोभणाऱ्या. ती प्रत्येक साडीवर ब्लाउज शिवून न्यायची. ट्रायलला उभी असताना पदर हाताने परत परत सारखा करायची. कुकर बघताना मला तो हात दिसला. वहीत मी एवढंच लिहिलं: "कुकर. पदर."

याच सिनेमात छाया कदम यांची पार्वती आहे. हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी, रत्नागिरीकडची. मुंबईतली तिची खोली बिल्डरच्या घशात चाललीये आणि ती तिचीच आहे हे सिद्ध करायला तिच्याजवळ कागद नाही. ती मराठी बोलायला लागली की मला खालच्या ओळी वाचाव्या लागत नव्हत्या आणि तेवढ्या वेळात मी तिचा चेहरा जास्त पाहिला. दुसऱ्या भाषेतला सिनेमा बघत असाल तर हे ध्यानात ठेवा: शक्य असेल तर दोनदा बघा, एकदा ओळी वाचायला, एकदा माणसं बघायला.

आपलंच घर पुस्तकात आलं तर

यंदाचं सगळ्यात अवघड मत 'उसवण'चं. देविदास सौदागर यांची कादंबरी, 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालेली. बारीक पुस्तक, तीन रात्रींत वाचून झालं. लेखक तुळजापूरचे आणि स्वतः शिवणकाम केलेले, कादंबरीही टेलरचीच: रेडीमेड कपडे आले, हाताला काम उरेना, घर कसं चालवायचं.

संमेलनाच्या गाळ्यावरून आणली त्याच रात्री सुरू केली आणि पहिल्या रात्रीच पंधरा-सोळा पांढऱ्या पट्ट्या लावून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी पट्ट्या बघितल्या तेव्हा कळलं की यातल्या किती पुस्तकाला लावल्यात आणि किती वडिलांना लावल्यात, ते मला सांगता येणार नाही.

अशा वेळी मी पानावर मधोमध रेघ ओढते. डावीकडे: पुस्तकाने काय दिलं. उजवीकडे: मी काय घातलं.

उजवी बाजू आधी भरली. जून महिना तोंडावर आला की वडिलांच्या दुकानात खाकी पॅन्ट आणि पांढऱ्या शर्टांचे ढीग लागायचे. मी आणि आई काज करायचो, बटणं लावायचो, डझनावर पैसे मिळायचे त्याची वह्या-पुस्तकं यायची. मग शाळेने गणवेश एकाच दुकानातून रेडीमेड घ्यायला सांगितलं. त्या जूनमध्ये वडील सकाळी नेहमीप्रमाणे दुकान उघडून, कातरीला तेल देऊन, इंचपट्टी गळ्यात घालून बसले. संध्याकाळपर्यंत एक पॅन्टची चेन बदलायला आली. त्यांनी ती इतकी निगुतीने बदलली, जुनी शिवण एकेक टाका ब्लेडच्या टोकाने उसवून, कापडाला जराही धक्का न लावता, की मी शेजारी बसून बघतच राहिले. चेन लावून झाल्यावर त्यांनी उसवलेले दोऱ्याचे तुकडे तळहातावर गोळा केले आणि कागदात बांधून ठेवले. फेकले नाहीत. का, ते मी कधी विचारलं नाही.

हे सगळं उजवीकडचं. कादंबरीत यातलं काही नाही.

मग डावी बाजू. त्यासाठी पुस्तक परत उघडावं लागलं, आणि या वेळी मी टेलर म्हणून न वाचता, ज्या बाईने आयुष्यात कधी मशीनला पाय लावला नाही तिच्यासारखं वाचायचा प्रयत्न केला. तिला कळेल का? तिला दुखेल का? पंधरा-सोळांतल्या सात पांढऱ्या पट्ट्या राहिल्या, बाकीच्या काढल्या. सात पुष्कळ झाल्या. लेखकाने धंद्याचं कौतुक करत बसण्यात पानं घालवली नाहीत, टेलरला बिचारा केलं नाही, काम नसलेल्या माणसाचा दिवस किती लांब असतो ते साध्या भाषेत ठेवलं. आणि नाव. उसवण हा शब्द आम्ही दिवसातून दहा वेळा वापरतो. उसवल्याशिवाय दुरुस्ती होत नाही आणि उसवलेलं तसंच ठेवलं तर कापड जातं. पुस्तक वाचून झाल्यावर तो शब्द मला जड लागायला लागला.

शेवटाकडे मला घाई वाटली, तेही लिहिलं. पण त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं, कारण घाई माझ्या वाचण्याची असू शकते.

तुमचं गाव, तुमचा धंदा, तुमचं आजारपण पुस्तकात आलं तर ही मधली रेघ नक्की ओढा. उजवी बाजू फाडून टाकू नका. ती तुमची आहे आणि त्या पुस्तकामुळे कागदावर आली आहे. फक्त तिचं श्रेय किंवा खापर लेखकाच्या माथी मारू नका.

बोली अडली तर

कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला साहित्य अकादमीचा 2023 चा पुरस्कार आहे. धरणात गाव गेलेली माणसं, आणि मागे राहिलेल्या म्हशीला आणायला जुन्या गावाकडे परत निघालेला माणूस. म्हैस आता रानाची झालेली. ही कादंबरी मी दोनदा हातात घेतली आणि दोनदा ठेवली. वाक्यं बोलीतली, तुकड्या-तुकड्यांनी येणारी. डोळ्यांनी वाचताना लाल पट्ट्याच पट्ट्या.

तिसऱ्या वेळी मोठ्याने वाचली. भाची पुण्याहून आली होती, आम्ही भिलारला गेलो होतो. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं गाव, 4 मे 2017 पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. घराघरांत पुस्तकं मांडलेली, बसून वाचायला पैसे पडत नाहीत. जानेवारीत शेजारच्या शेतांत स्ट्रॉबेरी लालेलाल झालेली असते. दिवसभर ती घरं फिरलो आणि उतरत्या उन्हात बांधावर बसून मी सोबत नेलेली 'रिंगाण' वाचायला काढली. दहा मिनिटांनी भाची म्हणाली, "मावशी, अगं थांबू नकोस, म्हशीचं काय झालं?" कानाला ती भाषा अडतच नव्हती. दम कुठे घ्यायचा ते वाक्यच सांगत होतं. म्हणून बोलीतली कादंबरी अडली तर बाजूला ठेवायच्या आधी वीस पानं मोठ्याने वाचा. घरात कुणी ऐकायला बसलं तर फारच बरं.

इथे आणखी एक करता येतं: त्याच विषयावरची जुनी कादंबरी शेजारी ठेवायची. यंदाच्या संमेलनाचे अध्यक्ष विश्वास पाटील, त्यांची 'झाडाझडती' धरणग्रस्तांवरचीच, तिला 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार. वाचनालयातून तीही आणली. आमच्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही, कोयनेच्या पाण्याखाली गावं गेली आहेत. माझ्या चुलत आजीचं माहेर त्यातलंच. 'झाडाझडती'त माणसं कागदांशी आणि कचेऱ्यांशी झुंजतात, पसारा मोठा, पात्रं खूप. 'रिंगाण'मध्ये एक माणूस, एक म्हैस, आणि पाण्याने अर्धं गिळलेलं रान. पहिली वाचून मला राग आला, दुसरी वाचून भीती वाटली. ती भीती कशाची, ते शोधायला चार दिवस लागले. माणसाने सोडून दिलेलं जनावर माणसाला ओळखत नाही, आणि त्यात चूक जनावराची नाही. एक पुस्तक वाचून "छान, गंभीर" एवढंच सुचत असेल तर असं दुसरं शेजारी ठेवून बघा. फरक बोलायला लागतो.

माया सोडा

कापड कापताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. मतातही बोटभर माया ठेवते. 'ट्रायल'चा रकाना त्यासाठी.

'साबर बोंडं' मी सप्टेंबरात पाहिला, पुण्यात बहिणीकडे गेले असताना, लागल्या आठवड्यातच. रोहन कानवडे यांचा हा सिनेमा, जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक सिनेमाच्या विभागातलं मोठं ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी गावी आलेला आनंद आणि गावातला बाल्या, दोघांचं हळूहळू जवळ येणं. तेव्हा मी 'माप'मध्ये लिहिलं होतं: "फार संथ. सुतकातले नियम सांगणारे नातेवाईक अगदी खरे. दोघांचं प्रेम बघताना सुरुवातीला अवघडले, मग विसरले." शेऱ्यात काही लिहिलं नव्हतं.

पौषात वही उघडून ट्रायलला बसले. सिनेमा परत पाहिला नाही, डोळे मिटून नुसतं आठवलं. संथपणा आठवलाच नाही. आठवलं ते निवडुंगाचं लाल फळ, बाल्याने आनंदसाठी आणलेलं. लहानपणी आम्हीही बोंडं खायचो, मातीत घोळून, काटे काढून, आणि तरी ओठाला एखादी कूस लागायचीच. कुणी कुणासाठी काटे काढून आणून दिलं, तर ते काय असतं हे मला सांगावं लागत नाही. आईच्या मनातली घालमेलही तेव्हापेक्षा आता जास्त आठवली. माझा मुलगा वीस वर्षांचा आहे, त्यामुळे असेल. 'अवघडले' हा शब्द मी खोडला नाही. त्याच्यापुढे तारीख घालून लिहिलं: "आता नाही."

भोगीच्या दिवशी आम्ही पाचजणी माझ्याकडे जमतो. बाजरीची भाकरी, तीळ, लेकुरवाळी भाजी, आणि ज्याने त्याने आपल्या चार ओळी वाचायच्या. शेवट कुणी सांगायचा नाही, आणि कुणी नुसतं "मस्त होता गं" म्हटलं की बाकीच्या चौघींनी "कुठे?" विचारायचं. यंदा 'स्थळ'वरून वाद झाला. आमच्यातल्या एका वहिनींचं म्हणणं, त्यातल्या बापाला सिनेमाने जास्त सांभाळून घेतलंय. मी म्हटलं, कापसाला भाव मिळाला नाही तर तो माणूस काय करणार? त्या म्हणाल्या, "तेच तर. भावाचं दुःख त्याचं मोठं दाखवलं आणि पोरीचं गप्प." मी त्यांना जागा विचारली. त्यांनी तीन दाखवल्या. त्यातल्या दोन मी पाहिल्याच नव्हत्या इतक्या सहज डोळ्यांवरून गेल्या होत्या.

त्यांचं मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण 'स्थळ'च्या ओळीत ट्रायलचा रकाना मी मोकळा ठेवलाय, आणि वर पेन्सिलीने त्या दोन जागा लिहून ठेवल्यात. वैशाखातली लग्नं आटोपली, हातातले ब्लाउज देऊन झाले, की एका दुपारी परत बघणार आहे, वहिनींना शेजारी बसवून.